टेबल सॉची फेन्स आणि जिग घरी बनवताना सामान कसं निवडावं

टेबल सॉ नवा घेतलेला माणूस थोड्याच दिवसांत एका ठिकाणी येऊन अडतो. ब्लेड चांगलं आहे, मोटरला ताकद आहे, पण फळी सरळ चिरली जात नाही. दोष बहुतेक वेळा फेन्समध्ये, म्हणजे फळी टेकवून पुढे सरकवायच्या उभ्या पट्टीत, निघतो. उचलून नेता येणाऱ्या लहान मशीनची फेन्स उंचीला कमी, लांबीला आखूड आणि मागच्या टोकाला हलणारी असते. आडव्या कापासाठी सोबत दिलेला मायटर गेज तर इतका छोटा असतो की दोन फुटी फळी त्याला नीट टेकवताही येत नाही. मग फेन्स, स्लेड (टेबलाच्या खाचेतून सरकणारा, फळी वाहून नेणारा पाट), पुश ब्लॉक (हात दूर ठेवून फळी ढकलायचा ठोकळा) अशी जिग, म्हणजे कापायला मदत करणारी साधनं, घरीच बनवायचं मनात येतं आणि त्यापाठोपाठ प्रश्न: कशाचं बनवू? प्लाय, एमडीएफ (लाकडाचे तंतू गोंदाने दाबून केलेली शीट), सागवान, की ॲल्युमिनियम?

सगळ्यात चांगलं सामान असं काही नसतं. एका जिगमध्येच चार वेगवेगळी कामं चाललेली असतात, आणि प्रत्येक कामाला वेगळ्या गुणाची गरज असते. म्हणून सामान अख्ख्या जिगसाठी न निवडता त्याच्या एकेका भागासाठी निवडा. आणि महाराष्ट्रात काम करणार असाल तर प्रत्येक वस्तू हातात घेतल्यावर एक प्रश्न विचाराच: जुलैत हिचं काय होईल? अमेरिका-कॅनडातले लोक व्हिडिओमध्ये बारा महिने कोरड्या, हीटर लावलेल्या तळघरात काम करताना दिसतात. त्यांचा एमडीएफचा सल्ला त्यांच्या हवेत बरोबरच आहे. रत्नागिरीत किंवा महाडला पत्र्याच्या शेडमध्ये तो तसाच्या तसा उचलता येत नाही.

पायरी १: आधी भाग वेगळे करा

कागदावर जिगचं साधं चित्र काढा आणि प्रत्येक भागासमोर त्याचं काम लिहा.

काही भागांनी फक्त सरळ राहायचं असतं, म्हणजे फेन्सचा कणा आणि स्लेडची मागची फेन्स. काही भागांनी घसरायचं असतं: टेबलाच्या खाचेतून जाणारा रनर, फेन्सचा लाकडाला घासणारा चेहरा, स्लेडचा तळ. काही भाग कापले जाण्यासाठीच असतात, जसं ब्लेडलगतची पट्टी, झिरो क्लिअरन्स इन्सर्ट (ब्लेडभोवती फट न ठेवणारी टेबलातली पट्टी), पुश ब्लॉकची टाच. उरलेल्या भागांचं काम पकडण्याचं: क्लॅम्प, नॉब, बोल्ट जिथे बसतात ते.

सरळ राहणाऱ्या भागात ताठपणा आणि स्थिरता बघायची, घसरणाऱ्यात गुळगुळीतपणा आणि झीज. कापल्या जाणाऱ्या भागात स्वस्ताई आणि बदलण्याची सोय बघायची, पकडणाऱ्यात स्क्रू धरून ठेवण्याची ताकद. एवढं लिहून झालं की दुकानात गेल्यावर गोंधळ होत नाही. एमडीएफ "चांगला की वाईट" हा वादही संपतो. कापल्या जाणाऱ्या पट्टीसाठी तो उत्तम आहे. त्याच्या कडेत बोल्ट आवळायचा असेल तर तोच निरुपयोगी.

पायरी २: हवेचा हिशोब करा

लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. ८५ टक्के आर्द्रतेच्या हवेत बराच काळ ठेवलेल्या लाकडात १७-१८ टक्के पाणी मुरतं. विदर्भातल्या मे महिन्याच्या कोरड्या हवेत तेच लाकूड ५-६ टक्क्यांपर्यंत उतरतं. एका गावात, एकाच शेडमध्येसुद्धा उन्हाळा ते पावसाळा पाचेक टक्क्यांचा फरक सहज पडतो.

या पाच टक्क्यांनी काय होतं ते सागवानावर पाहू, कारण सागवान हे आपल्याकडच्या कमी हलणाऱ्या लाकडांपैकी एक. पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत सागवान वाढीच्या वलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आकसतं, आणि गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने फक्त २.५ टक्के. लांबीत मात्र जवळजवळ काहीच नाही. म्हणजे १०० मिमी रुंद सागवानी फळी, जिच्या रुंदीत वलयं आडवी पसरली आहेत, ती पाच टक्क्यांच्या फरकाने जवळपास १ मिमी हलते. फेन्ससाठी तुम्ही भरीव लाकडाची उंच फळी लावलीत तर हा १ मिमी तिच्या उंचीत जाईल. तेवढ्यापुरतं ते चालूनही जाईल. पण फळी नुसती फुगत नाही, ती पिळते आणि वाकते, आणि फेन्सला तेच नको असतं. सुतारकामात बाकी सगळीकडे मान असलेलं सागवान फेन्सच्या चेहऱ्यासाठी म्हणूनच मागे पडतं.

प्लायमध्ये एकाआड एक थर काटकोनात असतात. एका थराला रुंदीत फुगायचं असतं तेव्हा शेजारचा थर त्याला लांबीने बांधून ठेवतो. त्यामुळे प्लाय लांबी-रुंदीत फारच कमी हलतो. त्याचा धोका वेगळाच आहे: एका बाजूला सनमाइका किंवा पॉलिश लावलं आणि दुसरी बाजू उघडी ठेवली, की उघडी बाजू ओलावा घेते, बंद बाजू घेत नाही, आणि पट्टी धनुष्यासारखी होते. जे काही लावाल ते दोन्ही बाजूंना लावा. घाईत सगळ्यात आधी हेच राहून जातं.

पायरी ३: शीट निवडा

पहिला निर्णय इथे, आणि खर्चही इथेच जास्त.

प्लायच्या दुकानात गेलात की तुम्हाला "कमर्शियल", "बीडब्ल्यूआर" आणि "मरीन" असे शब्द ऐकू येतील. मरीन म्हणजे आयएस ७१० या भारतीय मानकाचा प्लाय, आणि एमआर (हाच कमर्शियल) व बीडब्ल्यूआर हे आयएस ३०३ मधले प्रकार. नवखा माणूस महाग ते चांगलं म्हणून मरीन उचलतो. पण हे प्रकार मुख्यतः थरांमधला गोंद पाण्याला किती टिकतो याबद्दल आहेत. शीट सपाट आहे की नाही, जाडी सगळीकडे सारखी आहे की नाही, याची खात्री त्यातून मिळत नाही. जिगसाठी तर नेमकं तेच लागतं. सपाट, एकसारख्या जाडीचा बीडब्ल्यूआर हा लाटा आलेल्या मरीनपेक्षा केव्हाही बरा. दुकानदाराला "कॅलिब्रेटेड आहे का?" असं विचारा. म्हणजे घासून एकसारख्या जाडीत आणलेला.

शीट तपासण्याची पद्धत: ती जमिनीवरून उचलून उभी करा, एक डोळा मिटून लांब कडेवरून बघा. वाक लगेच दिसतो. मग दुसऱ्या कडेवरून, मग कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे. नंतर कड जवळून पाहा. मधल्या थरात काळी फट दिसली तर आत पोकळी आहे, आणि तुमचा स्क्रू नेमका तिथेच जायचा. बोटाच्या पेराने शीटवर ठकठक करत जा. भरीव जागी आवाज बसका येतो, पोकळीवर पोकळ वाजतं. शेवटी व्हर्नियरने चारही कोपऱ्यांची जाडी मोजा. "१८ एमएम" म्हणून मिळणारी शीट बऱ्याचदा त्याहून थोडी कमी भरते. त्यात वाईट काही नाही, पण तुमच्या मापात खरी जाडी धरा, छापलेली नको. मिस्त्री लोक तिला अजून "सहा सूत" म्हणतात, आणि सहा सूत म्हणजे १९ मिमी, हेही लक्षात असू द्या.

बर्च प्लाय मिळाला आणि परवडला तर जिगसाठी त्याच्याइतकं चांगलं काही नाही. १८ मिमीत १३ थर, मध्ये पोकळी जवळजवळ नाही, कड स्वच्छ. पण तो बाहेरून येतो, महाग पडतो आणि लहान गावात मिळतही नाही. स्लेडची फेन्स आणि पुश ब्लॉक एवढ्यापुरता त्याचा कटपीस शोधा. अख्खी शीट घेण्याची गरज नाही.

एमडीएफ सपाटपणात सगळ्यांच्या पुढे. नवा तुकडा काचेसारखा सपाट असतो, आणि जाडीतही फरक नसतो. त्याचे दोष तीन. कडेत स्क्रू घातला की तो उभा चिरतो. आधी बारीक भोक पाडून, कोपऱ्यापासून बराच आत राहूनच स्क्रू लावावा लागतो. दोन, पाणी कडेतून शिरतं, कड फुगते आणि वाळल्यावर परत बसत नाही. तीन, त्याची धूळ अत्यंत बारीक असते आणि त्यातल्या गोंदात फॉर्मल्डिहाइड असतं, त्यामुळे एन९५ मास्कशिवाय तो कापू नये. नाशिक-सोलापूर-नागपूरकडे, बंद खोलीत, सगळ्या बाजूंनी पॉलिश लावून एमडीएफ बरीच वर्षं चालतो. कोकणपट्टीत आणि मुंबईत तळमजल्यावर काम करणाऱ्याने मात्र तो फक्त बदलता येणाऱ्या भागांसाठी ठेवावा.

प्लाय आणि एमडीएफ या दोघांच्या मध्ये आता एचडीएचएमआर, म्हणजे जास्त घनतेचा, ओलावा सोसणारा बोर्ड, आलं आहे. मॉड्युलर किचनवाले ते सर्रास वापरतात, त्यामुळे तालुक्याच्या ठिकाणीही मिळतं. एमडीएफसारखंच सपाट, पण जास्त घट्ट आणि ओलाव्याला बरंच टिकणारं. मी नवख्याला स्लेडच्या तळासाठी हेच सुचवीन. अडचण वजनाची: घनता साधारण ८५० किलो प्रति घनमीटर धरली तर १८ मिमीची ८ बाय ४ फुटी शीट ४५ किलोच्या घरात जाते. ६०० बाय ५०० मिमीचा, १२ मिमी जाडीचा स्लेडचा तळ या मटेरियलचा ३ किलोंचा होतो, चांगल्या प्लायचा सव्वादोन. रोज उचल-ठेव करायची असेल तर हा पाऊण किलो जाणवतो.

सगळ्यांत जाड ते सगळ्यात चांगलं, असंही नाही. १० इंची सॉच्या ब्लेडची उंची सरळ कापाला ७५ ते ८० मिमी मिळते. स्लेडचा तळ जेवढा जाड, तेवढी ती कमी. म्हणून तळ १२ मिमी, फेन्स मात्र जाड.

पार्टिकल बोर्ड आणि ब्लॉकबोर्ड घेऊ नका. पहिल्याच्या कडा झडतात, दुसऱ्यात आतल्या पट्ट्यांचे सांधे कुठे येतील सांगता येत नाही.

शीट विकत घेण्याआधी कटपीस शोधा. फ्लॅटचं इंटिरियर चालू असेल तिथे सुताराकडे १८ मिमी प्लायचे फूट-दीड फूट रुंदीचे तुकडे पडलेले असतात आणि तो आनंदाने देतो. जिगला याहून मोठं क्वचितच काही लागतं.

पायरी ४: फेन्सचा कणा

आधी एक सल्ला, आणि तो मनापासून: पहिल्या फटक्यात अख्खी फेन्स बनवू नका. मशीनची मूळ फेन्स ब्लेडला समांतर लॉक होत असेल तर तिला नवा, उंच आणि लांब चेहरा लावा. १८ मिमी प्लायची ९० ते १०० मिमी उंच पट्टी, दोन्ही बाजूंना सनमाइका, मूळ फेन्समधल्या भोकांतून मागून बोल्टने आवळलेली. निम्म्याहून जास्त त्रास एवढ्याने संपतो. मूळ फेन्स लॉक केल्यावरच तिरकी होत असेल, तर मात्र नवी करावी लागते.

नवी करायची तर तत्त्व ठाऊक हवं. तुळईचा ताठपणा वाकण्याच्या दिशेतल्या जाडीच्या घनाने वाढतो. १८ मिमीच्या दोन पट्ट्या नुसत्या शेजारी ठेवल्या तर ताठपणा दुप्पट. त्याच पट्ट्या गोंदाने एकजीव केल्या तर आठपट. म्हणून प्लायची फेन्स करायची असेल तर दोन पट्ट्या चिकटवून ३६ मिमी करा, किंवा १२ मिमीच्या पट्ट्यांची चौकोनी पेटी करा आणि आत दर १५० मिमीवर आडवा तुकडा द्या. चिकटवताना दोन्ही पट्ट्यांचा वाक बघा: पोटाला पोट लावून चिकटवलं की एकीचा वाक दुसरीचा वाक मारतो. चिकटवण्यासाठी सपाट जागा लागते, आणि ती घरात मिळत नाही. संगमरवर-ग्रॅनाइटवाल्याकडे ओट्यात सिंक बसवण्यासाठी कापून काढलेले ग्रॅनाइटचे तुकडे असतात, ते मागून आणा. किंवा १० मिमीची काच. दोन्हींवर आधी सरळ पट्टी ठेवून खाली उजेड दिसतो का बघा.

स्टील की ॲल्युमिनियम? टी-स्क्वेअर फेन्सचा जो नमुना जगभर उचलला गेला, तो अमेरिकेत बिल बीसमायर यांनी केला. त्यात पुढे लोखंडी अँगलची रेल, तिच्यावर चालणारा टी आकाराचा कणा चौकोनी लोखंडी पाइपचा, आणि पाइपला दोन्हीकडे लॅमिनेट लावलेल्या प्लायचे चेहरे. मजबुती लोखंडाची, घसरण लॅमिनेटची, बदलण्याची सोय प्लायची. भाग वेगळे करून सामान निवडण्याचा याहून चांगला धडा सापडणार नाही, आणि हे सगळं सामान आपल्या कुठल्याही फॅब्रिकेशनच्या दुकानात मिळतं: ५० बाय ५० बाय ६ चा एमएस अँगल आणि ८० बाय ४० चा चौकोनी पाइप, ३ मिमीच्या आसपास जाडीचा. हा पाइप मीटरला साडेपाच किलोंच्या आसपास भरतो. लोखंडी टेबलाच्या मोठ्या सॉला ते योग्य. प्लास्टिकच्या अंगाच्या, पत्र्याच्या टेबलाच्या लहान सॉवर हे वजन लटकवू नका.

पाइप घेताना दुकानातला सगळ्यात वरचा नको, तो वाकलेला असू शकतो. दोनचार बाहेर काढायला लावा आणि कडेवरून बघा. वेल्डिंगची उष्णता लोखंड आपल्याकडे ओढते. काटकोनात धरून जोडलेला टी थंड होईपर्यंत एक-दोन मिमी फिरलेला असतो. वेल्डरला आधी चारी कोपऱ्यांवर फक्त टाके मारायला सांगा, गुण्या लावून तपासा, मगच समोरासमोरच्या बाजू आळीपाळीने भरायला सांगा. त्याहून बरं म्हणजे बोल्टने जोडणं, भोकं जरा सैल ठेवून: नंतर जुळवून घेता येतं.

ॲल्युमिनियम लोखंडाच्या एक तृतीयांश ताठ आणि वजनालाही साधारण एक तृतीयांश. खिडकीचं स्लायडिंग सेक्शन फेन्सला घेऊ नका, त्याची भिंत जेमतेम एक-सव्वा मिमीची असते आणि अंगठ्याने दाबली तरी दबते. कन्व्हेयर-मशीनवाले वापरतात ते ४० बाय ८० चं खाचांचं प्रोफाइल घ्या. ते सरळ असतं, खाचेत टी-नट सरकतो, स्टॉप ब्लॉक कुठेही बसतो. उष्णतेने ॲल्युमिनियम वाढतं, १ मीटरला १५ अंशांच्या फरकाने साधारण ०.३५ मिमी, पण ते लांबीत वाढतं. ते वाकत नाही, तेव्हा फेन्सला त्याने बाधा येत नाही. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी ॲल्युमिनियममध्ये साधे लोखंडी स्क्रू लावू नयेत. खाऱ्या दमट हवेत सांध्याशी पांढरी भुकटी जमते आणि स्क्रू अडकून बसतो. तिथे स्टेनलेस वापरा.

पायरी ५: चेहरा आणि रनर

चेहऱ्याला १ मिमीची, गुळगुळीत पृष्ठभागाची सनमाइका पुरते. मॅट, लाकडी पोत असलेली नको, फळी खरवडत जाते. चिकटवायला फेविकॉल एसआर ९९८ सारखा कॉन्टॅक्ट गोंद: दोन्ही पृष्ठांवर लावा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबा, मग एकदाच टेकवा.

प्लास्टिकमध्ये यूएचएमडब्ल्यू घसरायला फार छान, आणि मिळालं नाही तर एचडीपीईचा जाड चॉपिंग बोर्ड चालतो. पण लांब चेहऱ्याला तो लावताना जपा. हे प्लास्टिक उन्हाने ॲल्युमिनियमच्या पाच-सात पट वाढतं. ९०० मिमीची पट्टी १५ अंशांत दीड-दोन मिमी लांब होते. दोन्ही टोकं स्क्रूने घट्ट बांधली असतील तर ती जाणार कुठे? मधून पोट काढते. एक स्क्रू मधोमध पक्का, बाकी सगळ्यांची भोकं लांबट ठेवा.

रनर म्हणजे खाचेतून जाणारी पट्टी. ती सैल असली तर स्लेड डुलते, घट्ट असली तर अडते, आणि अडलेली स्लेड फिरत्या ब्लेडजवळ जोर लावून ढकलावी लागते. ते धोक्याचं आहे. आधी खाच मोजा, पुढे, मध्ये आणि मागे. बऱ्याच सॉची खाच १९ मिमी रुंद आणि साडेनऊ मिमी खोल असते, पण सगळ्यांची नसते. काहींना आत टी आकाराचे ओठही असतात. दुसऱ्याचं माप उतरवून घेऊ नका.

लाकडी रनरला सागवान उत्तम, कारण ते हलतं कमी आणि त्यातल्या नैसर्गिक तेलाने घसरतंही छान. जुन्या वाड्यांच्या, चाळींच्या चौकटी-दारांचं सागवान वखारीत मिळतं. वर्षानुवर्षं वाळलेलं असल्याने जे काय वाकायचं ते वाकून झालेलं असतं. त्यात खिळा लपलेला नाही ना, हे लोहचुंबक फिरवून बघितल्याशिवाय ब्लेडला लावू नका. आता सगळ्यात महत्त्वाचं: पट्टीच्या टोकाकडे बघा. वलयांच्या रेषा टेबलावर उभ्या यायला हव्यात, आडव्या नको. १९ मिमी रुंद रनर, लाकडातल्या ओलाव्यात पाच टक्क्यांचा फरक: रेषा आडव्या असतील तर रुंदी ०.१८ मिमी हलते, उभ्या असतील तर ०.०८. खाचेत मोकळीक असते ती एवढीच. आडव्या रेषांचा रनर एप्रिलमध्ये छान बसवाल आणि जूनअखेर तो जाम होईल. उभ्या रेषांचा बहुधा चालत राहील.

सागवान चिकटवायचं झालं तर ताजं रंधून, थिनरने पुसून लगेच चिकटवा. तेल पृष्ठावर आलं की गोंद धरत नाही.

किनारपट्टीवर मात्र मी लाकडी रनर सुचवत नाही. ॲल्युमिनियमची भरीव पट्टी, ज्याला दुकानात फ्लॅट म्हणतात, ती खाचेपेक्षा जरा अरुंद घ्या. तिला बाजूने छोटे ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे) किंवा नायलॉनचे स्क्रू लावले की सैलपणा हवा तसा जुळवता येतो. हायलम शीटची पट्टीही चांगली, ओलाव्याला दाद देत नाही आणि झिजतही नाही. हायलम म्हणजे इलेक्ट्रिकवाल्यांचं तपकिरी बेकलाइट; इलेक्ट्रिकच्या बाजारात त्याचे तुकडे सुटे मिळतात. मुंबईत लोहार चाळ परिसरात विचारा.

पायरी ६: छोटी जिग

पुश स्टिक भरीव लाकडाची नको. नस आडवी आली की ती ऐन वेळी मोडते. ९ किंवा १२ मिमी प्लायची करा, दोनचार एकदम, कारण तिला ब्लेड लागणारच. धातूची तर कधीच नको.

फळी फेन्सला दाबून धरणाऱ्या कंगव्यासारख्या पट्टीचं, म्हणजे फेदरबोर्डचं, उलट आहे. त्याची बोटं लवचीक लागतात आणि ती लाकडाच्या नसेच्या दिशेतच कापावी लागतात. प्लायची बोटं कडकडून तुटतात. सरळ नसेची, गाठ नसलेली भरीव फळी घ्या, टोक ३० अंशांत कापा, बोटं ६ मिमीच्या आसपास जाडीची ठेवा. फेदरबोर्ड नेहमी ब्लेडच्या अलीकडे लावा, ब्लेडसमोर किंवा त्यापुढे नाही. तिथे तो कापलेली फट दाबून ब्लेड आवळतो आणि फळी मागे उसळते.

झिरो क्लिअरन्स इन्सर्टला जाडी तुमच्या टेबलातल्या बैठकीने ठरते. बैठक खोल असेल तर १२ मिमी प्लाय. पातळ असेल तर हायलम. ॲक्रिलिक दिसायला छान, पण ठिसूळ आहे, भोक पाडताना तडकतं. पारदर्शक गार्ड करायचा असेल तर पॉलीकार्बोनेटच घ्या, तो फुटून तुकडे उडत नाहीत. इन्सर्ट बनवताना रायव्हिंग नाइफसाठी (ब्लेडमागे उभं असणारं, फट उघडी ठेवणारं पातं) मागची चीर लांबवायला विसरू नका. नाइफ काढून टाकावा लागेल असं कुठलंही जिग फळी लांबीत चिरण्याच्या कामाला वापरू नये.

पायरी ७: स्क्रू कुठे नको

ब्लेडच्या वाटेत लोखंड नको, हा नियम कागदावरच्या चित्रावर लाल पेनाने काढून ठेवा. स्लेडच्या फेन्समध्ये ब्लेडच्या दोन्ही बाजूंना निदान ५० मिमी एकही स्क्रू येता कामा नये. ब्लेड तिरकं करणार असाल तर झुकण्याच्या बाजूला त्याहून जास्त. कार्बाइडचा दात कडक असतो तितकाच ठिसूळही. लोखंडी स्क्रूवर आदळला की त्याचा टवका उडतो, आणि तो उडतो तो उभ्या असलेल्याच्या दिशेने. त्या पट्ट्यात फक्त गोंद. तिथे काही लावणं भागच असेल तर पितळी किंवा नायलॉनचे स्क्रू.

स्लेडच्या मागच्या फेन्सला, ब्लेड जिथून बाहेर येतं तिथे, मागच्या बाजूने लाकडाचा एक जाड ठोकळा चिकटवा, निदान ७५ मिमी जाडीचा. अंगठे नेमके तिथेच धरायची सवय असते. ठोकळा असला की हात आपोआप बाजूला जातात.

गोंदासाठी साधा फेविकॉल एसएच पुरतो; दमट भागात फेविकॉल मरीन. धातू-लाकूड जोडायला अरल्डाइट, दोन्ही पृष्ठं पॉलिश पेपरने खरवडून. बोल्ट वारंवार आवळायचे तिथे लाकडात थेट स्क्रू न घालता मागून टी-नट ठोका, एम६ किंवा एम८.

पॉलिशला लाखेचे दोन हात सगळ्या पृष्ठांवर, कडांवर चार. कडा पाणी जास्त पितात. घसरणाऱ्या भागांवर मेण, घरातली मेणबत्तीही चालते. सिलिकॉन स्प्रे मात्र नको. तो तळावरून लाकडाला लागतो आणि पुढे त्या लाकडावर पॉलिश बसत नाही, डाग-डाग पडतात.

पायरी ८: तपासा

फेन्सचा सरळपणा बघायला महागडी पट्टी लागत नाही. फेन्सच्या दोन टोकांना सारख्या जाडीच्या दोन पट्ट्या ठेवा, त्यांच्यावरून मासेमारीचा बारीक धागा ताणा, आणि त्याच जाडीची तिसरी पट्टी मधे सरकवत न्या. जिथे ती अडेल तिथे पोट आहे, जिथे सैल जाईल तिथे खळगा. ०.१ मिमीपर्यंतचं काम फिलर गेजच्या पात्यांनी भागतं, ते दुचाकीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतात.

समांतरपणा ब्लेडपेक्षा खाचेवरून मोजा: खाचेत पट्टी बसवून फेन्सच्या दोन्ही टोकांपर्यंतचं अंतर. दोन्हीकडे सारखं, किंवा मागच्या टोकाला कागदाच्या जाडीइतकं जास्त. मागे कमी भरलं तर फळी ब्लेड आणि फेन्स यांच्यात अडकते, तेव्हा ते आधी दुरुस्त करा आणि मगच मशीन चालू करा. अर्थात, खाच आणि ब्लेड एकमेकांना समांतर आहेत हे त्याआधी बघून घेतलेलं हवं.

स्लेडचा काटकोन गुण्याने न बघता कापून बघा. एमडीएफचा फूटभर चौकोनी तुकडा घ्या, एक बाजू कापा, कापलेली बाजू फेन्सला टेकवून पुढची कापा, असं फिरवत चारही. मग पहिली बाजू पुन्हा एकदा, पण यावेळी बोटभर रुंदीची पट्टी निघेल असं. त्या पट्टीची रुंदी दोन्ही टोकांना व्हर्नियरने मोजा. जो फरक येईल त्यात चार कापांची चूक एकत्र जमलेली असते. त्याला चारने भागलं की एका कापाची चूक. फूटभर लांबीत ती ०.०५ मिमीच्या आत आली की फेन्सचा दुसरा स्क्रू आवळा, मग बाकीचे.

पावसाळ्यात ही चाचणी पुन्हा करा, म्हणजे तुमच्या शेडमध्ये कोणतं सामान किती हलतं हे तुम्हाला प्रत्यक्ष कळेल. वापर नसेल तेव्हा स्लेड भिंतीला तिरकी टेकवून ठेवू नका, खिळ्याला सरळ टांगा किंवा सपाट ठेवा. तिरकी ठेवलेली शीट, कितीही चांगली असली तरी, काही महिन्यांत त्याच दिशेने वाकते.